साऱ्या स्टँडचे एक पेट्रोल कार्ड

पेट्रोलच्या कार्डाने चालकाचे पैसे वाचतात किंवा नाही, हा प्रश्न आमच्या बेटावरील लाझी गावात, मोटारसायकलला बाजूने डबा जोडलेल्या भाड्याच्या ट्रायसिकलींच्या स्टँडवर आजही अधूनमधून उपस्थित होतो, आणि चालक संघटनेचा अध्यक्ष या नात्याने उत्तर माझ्याकडे मागितले जाते. मी 'वाचतात' असे सांगतो, कारण ते असत्य नाही. तथापि एवढ्या एका शब्दाने माझ्या मनाचे समाधान होत नाही. नोंग तासियो आणि त्यांच्या पत्नी नँग फेलिसा (वडीलधाऱ्या पुरुषास आम्ही नोंग म्हणतो, स्त्रीस नँग) यांची हकिगत सांगितल्यावाचून ते उत्तर अपुरे राहते, म्हणून ती येथे यथाक्रम लिहीत आहे.

गावाच्या तोंडाशी एका नव्या कंपनीचा पेट्रोल पंप उघडला, तेव्हा कंपनीचा एक तरुण प्रतिनिधी स्टँडवर येऊन आम्हांस कार्डे दाखवू लागला. कार्डावर पेट्रोल घ्यावे, महिन्याकाठी ठरावीक लिटरांच्या वर गेले की प्रत्येक लिटरमागे काही सूट जमा व्हावी, आणि ती सूट पुढील महिन्याच्या आरंभी पेट्रोलच्याच रूपाने परत मिळावी, असा तो व्यवहार होता. प्रतिनिधीची वाणी मधुर होती, परंतु त्याला आमची रीत ठाऊक नव्हती. आमच्याकडे टाकी कोणीच भरत नाही. सकाळी रस्त्याकडेच्या टपरीवरून कोकच्या बाटलीतले एक लिटर घ्यावे, दोन-तीन फेऱ्यांचे भाडे हाती आले की त्यातून दुसरे लिटर घ्यावे, आणि सायंकाळी टाकी जवळजवळ कोरडी करून घरी जावे, असा आमचा दिनक्रम. त्या ठरावीक लिटरांपर्यंत एकट्या चालकाने पोहोचणे सर्वथा अशक्य होते.

"म्हणजे हे कार्ड बसवाल्यांसाठी," आमचा उंडो म्हणाला. त्याची जीभ त्याच्या गाडीपेक्षा वेगाने धावते. "आपल्याला काय, बाटलीचं बूच मिळालं तरी खूप."

प्रतिनिधी निघून गेल्यावर मला एक कल्पना सुचली. तो त्या वेळी तिथे असता, तर त्याने आम्हांस वेळीच सावध केले असते. मी म्हणालो, "सगळ्यांत मिळून एकच कार्ड काढू. प्रत्येकानं त्यावरच भरायचं. सूट जमेल ती दर महिन्याला एकाची. आपली भिशी असते ना, तशीच."

भिशी म्हटल्यावर कोणालाही अधिक समजावून सांगावे लागले नाही. आमच्या गावात लग्ने, शिवणयंत्रे, घरांचे पत्रे हे सर्व भिशीवरच होते. कार्ड सर्वांत वडील म्हणून नोंग तासियो यांच्या नावाने निघाले, आणि स्टँडवरील छपराच्या खांबाला खिळा ठोकून, दोऱ्याला बांधून, तिथे लटकले. ज्याला पेट्रोल हवे त्याने ते काढून न्यावे आणि परत आणून लावावे. यात एक वैगुण्य होते ते मी लपवीत नाही. एखादा गडी गावाच्या पलीकडच्या टोकाला असला, तरी त्याला कार्डासाठी स्टँडवर यावे लागे आणि तिथून पंपावर जावे लागे.

"कार्ड आणायला एक बाटली जाळायची," उंडो म्हणे, "आणि सूट मिळणार एक बूचभर. अध्यक्ष, तुमचं डोकं म्हणजे सोनं आहे सोनं."

पहिली पाळी कोणाची, यासाठी आम्ही चिठ्ठ्या टाकणार होतो. परंतु त्या दिवशी नोंग तासियो मला बाजूला घेऊन गेले. ते कमी बोलणारे गृहस्थ आहेत. बोलण्यापूर्वी टोपी काढून तिच्या आत पाहतात, जणू शब्द तिथे ठेवले आहेत.

"दोंग," धाकट्यास हाक मारावी तसे ते म्हणाले, "फेलिसा चाललीय कागायानला. मुलीला जुळं झालंय. दोन वर्षं तरी येत नाही आता."

"मग चांगलंच आहे की, नोंग."

"चांगलंच आहे." त्यांनी पुन्हा टोपीत पाहिले. "पण बघ, आयुष्यभर मी ट्रायसिकल चालवली आणि तिला कधी बेटाची फेरी घडवली नाही. माझ्या गाडीत ती बसली ती कायम टोपल्यांच्या मधे. मला तिला एक दिवस मालकिणीसारखी बसवायचीय. सगळा रस्ता गोल. कुणी हात केला तरी थांबायचं नाही. टाकी भरलेली असली की थांबावं लागत नाही ना."

नँग फेलिसा बाजारात नारळाच्या पात्यांच्या विणलेल्या पुड्यांत शिजवलेला भात, ज्याला आम्ही पुसो म्हणतो, विकीत असत. बोटीचे तिकीट आणि नातवंडांचे सामान यांत त्या घरातील होते-नव्हते ते सर्व खर्ची पडले होते. एक दिवस भाडे न घेता बेटाभोवती फिरणे ही आमच्यासारख्याला परवडणारी गोष्ट नव्हे. मी स्टँडवर एवढेच म्हणालो की पहिली पाळी नोंग तासियो यांना द्यावी. चिठ्ठ्यांचे कागद उंडोने स्वतः फाडून टाकले.

त्या महिन्यात आमच्या स्टँडवर जी निष्ठा दिसली ती संघटनेच्या कोणत्याही निवडणुकीत मी पाहिली नाही. टपरीवाल्यांची तोंडे चुकवून सर्व जण पंपावर जात. पंपाची व्यवस्थापक मिस रोवेलिन ही मुलगी आमच्याच गावची. ती यंत्रावरील आकडा पाहून आम्हांस अंगठा उंचावून शाबासकी देई. नँग फेलिसा यांना मात्र यातील काहीही ठाऊक नव्हते. नोंग तासियो यांची तशी इच्छा होती.

महिन्याच्या पहिल्या तारखेस आम्ही सर्व पंपावर जमलो. नोंग तासियो यांनी गाडी धुऊन आणली होती आणि बाजूच्या डब्यातील बाकावर नवे फुलाफुलांचे कापड ताणून बसवले होते. मिस रोवेलिनने कार्ड यंत्रात घातले. यंत्राने ते परत दिले. तिने पुसून पुन्हा घातले. मग तिचा चेहरा उतरला आणि तिने कंपनीच्या सेबू शहरातील कार्यालयास फोन लावून तो आम्हां सर्वांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"अनास्तासियो कोण?" पलीकडून एका साहेबांचा आवाज आला.

"मी, सर," नोंग तासियो म्हणाले. ते त्यांचे पूर्ण नाव.

"तुमच्या नावावर एक ट्रायसिकल आहे. ती रोज तीसेक वेळा पेट्रोल भरते. ट्रायसिकल आहे की मासेमारीचा ट्रॉलर?"

नोंग तासियो यांनी टोपी काढली. आत काही सापडले नाही.

"म्हातारी आहे ती, सर," मागून उंडो म्हणाला. "तहान लागते तिला."

"हे कोण बोललं?"

मग अध्यक्ष या नात्याने मी पुढे झालो आणि भिशीचा सर्व प्रकार प्रांजळपणे निवेदन केला.

"म्हणजे एका माणसाचं कार्ड तुम्ही खिळ्याला टांगलंत?"

"होय, सर. दोऱ्यानं बांधून."

"आणि सूट?"

"ज्याची पाळी त्याला, सर."

"आणि पाळी झाल्यावर तो पळून गेला तर?"

यावर सर्व जण एकदम हसले. उंडो म्हणाला, "बेट आहे, सर. पळणार कुठं? पळत पळत गोल फिरून परत इथंच येणार."

साहेबही हसले असावेत, कारण त्यांचा आवाज मऊ झाला. परंतु आवाज मऊ झाला तरी नियम तसाच राहिला. कार्ड एका माणसाचे, एका गाडीचे. ते बंद झाले होते आणि त्यावर जमलेली सूट रद्द झाली होती. "मी तुमच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं," ते म्हणाले, "पण मी तुमच्या जागी नाही ना." मिस रोवेलिनने फोन ठेवला आणि रडू आल्यासारखे तोंड करून काचेबाहेर पाहिले.

मित्रांनी आपापल्या टाकीतून थोडे थोडे काढून देऊ केले. नोंग तासियो यांनी मान हलवली. "तुमच्या पोराबाळांचं आहे ते," एवढेच म्हणाले आणि गाडी सुरू करून स्टँडकडे निघून गेले. नव्या कापडावर त्या दिवशी प्रथम बसला तो एक डुकराचे पिल्लू घेऊन आलेला मनुष्य.

आमच्या गावात बातमीला पेट्रोल लागत नाही. ती दुपारच्या आत बाजारात पोहोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी नँग फेलिसा स्टँडवर आल्या. अंगावर रविवारचा झगा होता, काखेत नारळाच्या पात्यांची जुडी होती आणि हातात पुसोची पिशवी होती. त्या सरळ नोंग तासियो यांच्या गाडीत जाऊन बसल्या.

"मला न विचारता ठरवायची सवय तुला लग्नाच्या आधीपासूनची," त्या म्हणाल्या. "टाकीत किती आहे?"

"मारिया गावच्या चर्चपर्यंत जाईल."

"मग मारियाच्या चर्चपर्यंत चल. पुढचं पुढं."

"फेलिसा, मधेच बंद पडली तर?"

"तर तू ढकल. मी बसते. मालकिणीसारखी बसवायचीय ना तुला?"

आम्ही सर्व त्यांच्या गाडीमागे उभे राहून हात हलवीत राहिलो. त्यानंतर जे घडले ते मी उभयतांच्या तोंडून ऐकले आहे. दोघांच्या सांगण्यात पुष्कळ अंतर आहे, परंतु मुख्य गोष्टी जुळतात.

प्रारंभी नोंग तासियो यांनी आपला निश्चय पाळला. रस्त्यात लोकांनी हात केले, ते थांबले नाहीत. नँग फेलिसा पात्यांच्या पुड्या विणीत बसल्या होत्या. त्यांचे हात रिकामे राहू शकत नाहीत. परंतु रताळ्यांची टोपली घेऊन उभी असलेली एक वृद्धा मागे पडली, तेव्हा त्यांनी विणणे थांबवले.

"ती बिचारी उन्हात उभी आहे."

"आज भाडं नाही."

"आणि मारियाच्या पुढं काय, प्रार्थनेवर चालवणार गाडी? थांब. मी सरकते."

ती वृद्धा बसली. तिच्यामागे आणखी एक बसली. पुढील वस्तीवर पहिली उतरली आणि रुमालात बांधलेली नाणी सोडू लागली, तेव्हा नोंग तासियो यांनी हात हलवून "राहू दे, राहू दे" म्हटले आणि गाडी पुढे काढली.

"पैसे?" नँग फेलिसा यांनी विचारले.

"तिचा मुलगा आजारी आहे."

दुसरीही उतरली. पुन्हा तोच हात हलला.

"हिचाही मुलगा आजारी?"

"हिला मुलगाच नाही," नोंग तासियो म्हणाले.

मारियाच्या चर्चपाशी टाकी कोरडी झाली आणि त्याच वेळी मारियाच्या चालकांनी त्यांस गाठले. एका गावच्या चालकाने दुसऱ्या गावच्या हद्दीत माणूस उतरवावा, पण चढवू नये, असा आमच्या बेटावरील दंडक आहे. त्यावरून हाणामाऱ्याही झाल्या आहेत. मारियाच्या संघटनेचा प्रमुख पेद्रिंग हा आडव्या बांध्याचा माणूस. तो कमरेवर हात ठेवून आडवा उभा राहिला.

"काय हो नोंग, आमच्या रस्त्यावर आमची माणसं?"

नोंग तासियो खाली पाहू लागले. नँग फेलिसा डब्यातून बाहेर आल्या.

"त्यानं नाही, मी घेतली. मला विचार."

"तुम्ही कोण, नँग?"

"ह्याची बायको. मी उद्या बोटीनं चाललेय. त्याआधी मला हे बेट बघायचंय आणि ह्याच्याकडं पेट्रोल नाही. आता बोल."

"बायको?" पेद्रिंगचा आवाजच बदलला. "मग बरं झालं भेटलात. नँग, ह्यांना काहीतरी समजवा. तुमच्या बाजाराच्या दिवशी आमच्या गावच्या सगळ्या म्हाताऱ्या आमच्या गाडीत बसत नाहीत. लाझीचा तासियो माणसं सोडायला आला की त्याच्या गाडीनंच जायचं म्हणून झाडाखाली बसून राहतात. का, तर तो पैसे घेत नाही! आमची पोरं रिकामी गाडी घेऊन त्यांच्यासमोर उभी, आणि त्या म्हणतात, आम्ही ह्याच्यासाठी थांबलोय! कसं परवडायचं आम्हाला?"

नँग फेलिसा यांनी पतीकडे पाहिले. ही नजर कशी होती याविषयी मात्र दोघांचे एकमत आहे. दोघेही त्याविषयी काही सांगत नाहीत.

"इतकी वर्षं मला सांगतोस," त्या अखेरीस म्हणाल्या, "की पेट्रोल महाग आहे म्हणून पुरत नाही."

"पेट्रोल महागच आहे."

"पेट्रोल नाही रे, तू महाग आहेस."

मारियाचे सर्व चालक हसले आणि त्या हसण्यात भांडण विरघळून गेले. पेद्रिंगने आपल्या टाकीतून पेट्रोल देऊ केले; नोंग तासियो नको म्हणाले. त्यावर त्याने डोके खाजवून निवाडा केला. "आजच्या दिवस कुठंही कुणालाही चढवा. पुढच्या गावांना मी फोन करतो. पण एक अट. भाडं घ्यायचं. प्रत्येकाकडून."

"ते माझ्यावर सोड," नँग फेलिसा म्हणाल्या.

आणि त्यांनी ते पार पाडले. पहिल्या गिऱ्हाइकाचे भाडे त्यांनी चर्चपाशीच आगाऊ घेतले आणि त्यातून पहिली बाटली टाकीत गेली. मारियापासून पुढे त्या गाडीत जो चढला त्याने उतरताना पैसे दिले. एका पाद्रीबाबांनी आशीर्वाद देण्यासाठी हात उचलला, त्या हातापुढे नँग फेलिसा यांनी आपला तळवा पसरला. ज्या वृद्धा नोंग तासियो यांच्याकडे आशेने पाहत, त्यांना त्या म्हणत, "त्याच्याकडं काय बघता? मालक मी आहे." भाडे जमले की टपरीवर थांबून एक बाटली टाकीत ओतावी आणि पुढे निघावे, असा क्रम चालला. अशा रीतीने, कधी कोंबड्यांसह, कधी शाळेच्या मुलींसह, एकदा तर एका शवपेटीच्या झाकणासह, ते लारेनावरून, मग सिकिहोर गावावरून पश्चिम किनाऱ्याला आले. ज्या फेरीत कोणासाठीही थांबायचे नव्हते ती फेरी प्रत्येक वळणावर थांबत होती. नोंग तासियो यांना त्याचे वाईट वाटत होते.

"तुला मालकिणीसारखं न्यायचं होतं," ते एकदा म्हणाले.

"गप रे. मला पहिल्यांदा कळतंय तू दिवसभर काय करतोस ते," त्या म्हणाल्या.

सान हुआनच्या पुढे गाडी रिकामी झाली. सूर्य खाली आला होता. आमच्या लाझीत सूर्य डोंगराआड मावळतो. तो समुद्रात मावळताना नँग फेलिसा यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. शेजारी एक जण कोळशावर मासे भाजत होता. त्याच्याकडून एक घेतला, पुसोच्या पुड्या सोडल्या आणि दोघांनी रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून भोजन केले. नोंग तासियो सांगतात की फेलिसाचे डोळे भरून आले होते. नँग फेलिसा सांगतात की वारा फिरला होता आणि त्या मासेवाल्याचा सगळा धूर तोंडावर येत होता. मी दोघांवरही विश्वास ठेवतो.

अंधार पडता पडता ते स्टँडवर परतले. आम्ही कोणीही घरी गेलो नव्हतो.

"झालं का बेट गोल?" उंडोने विचारले.

"गोल आहे," नँग फेलिसा म्हणाल्या. "पण हा वळणावर अजून भोंगा वाजवत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही सर्व त्यांना पोहोचवायला बंदरावर गेलो. नोंग तासियो सामान चढवून खाली आले आणि फळीपाशी उभे राहिले. निरोपाच्या वेळी मनुष्याने काहीतरी गंभीर बोलावे असे मला वाटते, आणि तसे काही ते बोलतील म्हणून मी वाट पाहत होतो. त्यांनी टोपी काढली, आत पाहिले आणि पुन्हा घातली. बोट सुटली तशा नँग फेलिसा कठड्याशी आल्या आणि बाजारात गिऱ्हाईक बोलवायच्या त्या आवाजात ओरडल्या, "तासियो! भाडं घे रे लोकांचं!"

साऱ्या धक्क्याने ते ऐकले. नोंग तासियो यांनी हात वर केला आणि बोट वळेपर्यंत तो खाली घेतला नाही.

पुढे मिस रोवेलिनने खटपट करून आमच्या संघटनेच्या नावाने एक रीतसर कार्ड मिळवून दिले. त्यावर सर्व गाड्यांची नोंद आहे, पेट्रोल थोडे स्वस्त पडते, आणि सूट आजही आम्ही पाळीने वाटून घेतो. म्हणून कोणी विचारले तर मी 'वाचतात' असे म्हणतो. पण किती वाचतात हे गाडीत कोण बसले आहे आणि ती कोण चालवतो आहे यावर अवलंबून आहे, हेही मी जोडतो.

कारण त्या दिवशी बंदरावरून निघताना मी जे पाहिले ते मला विसरता येत नाही. आलेल्या बोटीतून उतरलेली एक वृद्ध बाई दोन गाठोडी घेऊन, सवयीने, नोंग तासियो यांच्या गाडीत जाऊन बसली. मी मागोमागच होतो. तिच्या दाराशी गाडी थांबली, गाठोडी उतरली, आणि ती काही न बोलता वळली.

"नँग," नोंग तासियो हळूच म्हणाले, "भाडं."

ती बाई जागीच थांबली आणि तिने त्यांच्याकडे अशा दृष्टीने पाहिले की जणू चर्चमधील संताच्या मूर्तीने हात पुढे केला आहे. मग तिने गाठ सोडून नाणी काढली आणि मोजून त्यांच्या तळव्यावर ठेवली. ते बराच वेळ त्या नाण्यांकडे पाहत उभे राहिले, जणू ती कोणीतरी कागायानहून पाठवली होती.